नववा हात : एका अविश्वास ठरावाचा प्रकरण अभ्यास

सीना नदीच्या काठावर माझं माहेर. सोलापूरहून एसटीने तास-सव्वा तासाची वाट. मी सोलापुरात वकिली करते, त्यामुळे माहेरची माणसं मला शोधत कोर्टाच्या आवारात येतात. बहुतेक वेळा वाटणीसाठी, बांधाच्या भांडणासाठी, कधी पोटगीसाठी. 17 मार्च 2023 ला पाच बायका आल्या, बचत गटाच्या. जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, ग्रामपंचायतीला कुलूप होतं आणि त्यांना दम निघत नव्हता. त्यातली थोरली मावशी म्हणाली, "ताई, आमच्या मेंबरानं सही केली आन् मत द्यायला आलाच न्हाई. ह्याला जाब कुठं इचारायचा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सरपंचाला कसं काढायचं, हे विचारणारे पुष्कळ भेटले. काढलेल्या सरपंचाला परत कसं बसवायचं, हेही विचारतात. पण ज्याला आपण निवडून दिलं त्याने अशा वेळी हात वर का केला, किंवा का केला नाही, हे विचारायची जागा कोणती? पुढचे पाच महिने आम्ही या प्रश्नाच्या मागे होतो. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्यांना त्याच गावात राहायचं आहे.

आधी काय झालं होतं

गावात 11 सदस्यांची ग्रामपंचायत, चार वॉर्ड. 15 जानेवारी 2021 ला राज्यात ज्या हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात हे गाव होतं. सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत तेव्हा रद्द झालेली होती, ती 2022 मध्ये परत आली. त्यामुळे इथे सदस्यांनी आपल्यातूनच सरपंच निवडायचा होता. पद महिलेसाठी राखीव निघालं. फेब्रुवारीत एक तिशीतल्या बाई सरपंच झाल्या. कारभार मात्र यजमानांच्या हातात. शिक्का त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत असायचा आणि गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं. बाईंना सगळे "वैनी" म्हणत.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग शुद्ध पाण्याचा आरओ प्लांट बंद पडला, मासिक सभा कागदावर व्हायला लागल्या, 15 व्या वित्त आयोगाच्या पैशातून गटार कुठल्या गल्लीत करायचं यावरून दोन गट पडले. निवडीपासून पहिली 2 वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. ती मुदत सरली आणि धुळवड आटोपताच 9 सदस्यांच्या सह्यांची नोटीस तहसीलदारांकडे गेली. नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत तहसीलदारांनी विशेष सभा बोलवायची असते. सभा ठरली सोमवारी, 13 मार्चला.

मधल्या दिवसांत जे सगळीकडे होतं तेच झालं. सह्या करणारे सदस्य दोन क्रूझर गाड्यांतून देवदर्शनाला गेले. अक्कलकोट, तिथून गाणगापूर. बायका-सदस्यांबरोबर त्यांचे नवरे. फोन एकाच माणसाच्या पिशवीत. याला आपल्याकडे "सदस्य सहलीवर" म्हणतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटेनासं झालंय. मला वाटतं. निवडून दिलेला माणूस आपल्या मतदारांपासून पाच दिवस लपवून ठेवावा लागतो, याचा अर्थ त्याचं मत त्याच्या ताब्यात नाही हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं.

गाडीत आठच जण बसले. नववे वॉर्ड 2 चे सदस्य. त्यांना आपण आबा म्हणू. आबा म्हणाले, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी थेट सभेला येतो.

सोमवारची सभा

ही सभा मी पाहिलेली नाही. जे सांगते ते नंतर मिळालेल्या इतिवृत्तावरून आणि तिथे बसलेल्या चौघांच्या सांगण्यावरून.

सभा अकराला सुरू झाली. तहसीलदारांनी आधी सरपंचांच्या यजमानांना खोलीबाहेर काढलं. ते दारात पाय रोवून उभे होते. मग नोटीस वाचली. नोटिशीत कारणं दोनच : "सदस्यांना विश्वासात घेत नाहीत" आणि "मनमानी कारभार". आरओ प्लांटचा उल्लेख नाही, गटाराचा नाही, एकही तारीख नाही, एकही रक्कम नाही.

ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्या सरपंचाला सभेत बोलायचा आणि मत द्यायचाही हक्क असतो. वैनी उठल्या आणि घडी घातलेला कागद उघडून वाचायला लागल्या. अक्षर त्यांचं नव्हतं. "सदर ठराव राजकीय हेतूने प्रेरित" या ओळीवर त्या दोनदा अडखळल्या आणि खाली बसल्या.

मतदान हात वर करून झालं. तहसीलदार मोजत होते. एका म्हाताऱ्या सदस्यांचा खांदा आखडलेला, त्यांचा हात कानाच्या वर जाईना. तहसीलदारांनी विचारलं, "हा हात वर आहे की कसं?" म्हातारे म्हणाले, "वरच हाय सायेब, एवढाच जातोय." तो धरून आठ झाले. विरोधात दोन, म्हणजे वैनी आणि त्यांच्या गटाचा एक. आबांची खुर्ची रिकामी.

आता हिशेब. महिलेसाठी राखीव पदावर बसलेल्या महिला सरपंचाविरुद्धचा ठराव मंजूर व्हायला किमान तीन-चतुर्थांश मतं लागतात. आणि हे तीन-चतुर्थांश हजर असलेल्यांचे मोजायचे नसतात, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांचे मोजायचे असतात. 11 चे तीन-चतुर्थांश सव्वाआठ. आठ हातांना ते पुरत नाही, नववा लागतोच. दहा जण खोलीत होते, आठ एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि तरी निकाल लावला तो खोलीत नसलेल्या अकराव्याने.

ठराव फेटाळला. बाहेर गुलाल उधळला गेला. दुपारी आबा गावात दिसले, पानटपरीवर.

दिल्लीतले 205

बायकांना मी त्या दिवशी जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण त्यांना गोष्ट त्यातूनच उमगली.

देशात न्यायाधीशाला पदावरून काढायचा ठराव लोकसभेत पहिल्यांदा मताला आला तो 11 मे 1993 ला. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या सरकारी बंगल्यावर केलेल्या खर्चावरून आरोप झाले. तोवर ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले होते. 1991 मध्ये लोकसभेच्या 108 सदस्यांनी सह्या करून नोटीस दिली, अध्यक्ष रवी राय यांनी ती दाखल करून घेतली आणि चौकशीला तिघांची समिती नेमली. समितीचे प्रमुख आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. 14 आरोपांपैकी 11 सिद्ध झाले, असा अहवाल आला. सोमनाथ चटर्जींनी ठराव मांडला, कपिल सिब्बल यांनी सभागृहात उभं राहून न्यायमूर्तींची बाजू तासन्‌तास लढवली. मग मतदान.

ठरावाच्या बाजूने 196. विरोधात शून्य. तटस्थ 205, ते काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे.

विरोधात एकही मत नाही आणि ठराव पडला! घटनेच्या कलम 124(4) मध्ये अटी दोन आहेत. हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक. पहिली अट 196 जणांनी पूर्ण केली, कारण तटस्थ राहणारा मतदान करणाऱ्यांत धरला जात नाही. दुसरी अट त्या 205 जणांच्या गप्प बसण्याने बुडाली. रामस्वामी फेब्रुवारी 1994 मध्ये निवृत्त होईपर्यंत न्यायमूर्ती राहिले.

एवढं ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजे आमच्या आबासारखे दोनशे पाच."

मी त्यांना थांबवलं नाही. बरोबरच होतं. जिथे बहुमत एकूण सदस्यांवर मोजलं जातं, तिथे गैरहजर आणि तटस्थ माणूस विरोधातच मत देत असतो. फरक एवढाच की विरोध करणाऱ्याला हात वर करावा लागतो, लोकांना तो दिसतो. गैरहजर माणसाला काहीच करावं लागत नाही आणि नंतर दोन्ही बाजूंना सांगता येतं की मी तुमचाच.

त्या वेळी सोलापूर आणि पंढरपूर, आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही लोकसभेच्या जागा काँग्रेसकडे होत्या. माझ्या घरात रोज पेपर वाचला जायचा, राजकारणावर रात्र-रात्र गप्पा व्हायच्या. आपल्या खासदाराने त्या दिवशी काय केलं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. 1930 मध्ये नगरपालिकेवर तिरंगा फडकवणारं, मार्शल लॉ सोसणारं, चार हुतात्मे दिलेलं हे शहर. पण दिल्लीतलं मत म्हणजे दिल्लीचं, असं आपण धरून चाललो. लोकसभेत मतविभाजन झालं की नावानिशी नोंद राहते. विचारणारा लागतो, एवढंच.

खासदार-आमदारांपाशी निदान एक सबब असते. घटनेच्या 1985 च्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा तटस्थ राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांना आपल्या राज्यात 1986 चा वेगळा कायदा आहे. ग्रामपंचायत त्यात येत नाही. तिथली निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. म्हणजे गावच्या सदस्याचं मत कायद्याने पूर्णपणे त्याचं स्वतःचं आहे. त्याला आमदाराच्याही आधी विचारता यायला हवं.

आणि विचारण्यापलीकडे हातात काही नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ग्रामपंचायत सदस्याला मुदतीआधी मतदारांनी परत बोलवायची सोय महाराष्ट्रात नाही. मत दिलं नाही म्हणून त्याच्यावर खटला भरता येत नाही. नोटिशीवर सही केली म्हणजे मत बांधलं गेलं, असंही नाही. ज्या दोघी काही दंड होईल म्हणून आल्या होत्या त्यांची तोंडं उतरली. मावशी मात्र म्हणाल्या, "इचारायचंच हाय. आमाला दंड नगं."

प्रोसिडिंगची नक्कल

विचारायचं तर आधी कागद हवा. गावात तोवर तीन गोष्टी फिरत होत्या : आबा आलेच होते पण त्यांना आत घेतलं नाही, आबांनी लेखी मत पाठवलं होतं, आबांची सहीच खोटी होती. तोंडी भांडणात सगळ्यात मोठा आवाज जिंकतो, म्हणून मी म्हटलं, इतिवृत्ताची नक्कल मागा.

21 मार्चला माहितीच्या अधिकारात अर्ज दिला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागितलं ते एवढंच : नोटिशीची प्रत सह्यांसकट, सभेच्या उपस्थितीचं पान आणि इतिवृत्त. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, सभा तहसीलदारांनी घेतली, तिकडेच मागा. त्यांना नम्रपणे सांगितलं की कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायचं काम तुमचं. माणूस वाईट नव्हता. दोन गटांच्या मधे रोज खुर्ची टाकून बसायचं म्हणजे भीती असतेच. 28 व्या दिवशी नक्कल मिळाली.

ते पान माझ्यासमोर आहे. निळ्या शाईत अकरा नावं, दहांपुढे सही. एका नावापुढे सहीच्या जागी आडवी रेघ आणि "गैरहजर". नोटिशीच्या पानावर त्याच नावापुढे ठसठशीत सही, खाली दुहेरी रेघ ओढलेली.

झेरॉक्स हातात आल्यावर बायकांनी जे केलं ते मी सुचवलेलं नाही. बचत गटाच्या हिशेबाची एक कोरी वही घेतली, त्यात तीन रकाने आखले : नाव, काय केलं, का केलं. पहिले दोन रकाने झेरॉक्सवरून दहा मिनिटांत भरले. तिसरा अकराच्या अकरा ओळींत रिकामा.

माझं डोकं तिथे ठिकाणावर आलं. तोवर मीसुद्धा एकट्या आबांच्याच मागे होते. पण ज्यांनी हात वर केला त्या आठांनी तरी का केला? नोटिशीत "मनमानी" एवढाच शब्द. ज्या दोघांनी विरोध केला त्यांनी का केला? एक तर स्वतः सरपंच. दुसऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. बाजूने मत दिलं म्हणजे उत्तर देऊन मोकळे झाले, असं आपण समजतो, तसं नाही.

1 मेची ग्रामसभा

ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. आमच्या गावात महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की वीस-पंचवीस माणसं रजिस्टरवर सह्या करून घरी जातात. त्या दिवशी मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात शंभरावर माणसं होती, निम्म्या बायका. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन सकाळी नऊलाच पत्र्यातून खाली उतरत होतं. मी मागे, माझ्या चुलत्यांच्या शेजारी बसले. तिथे माझं काम बोलायचं नव्हतं.

ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंचाकडे असतं. म्हणजे अविश्वास ठरावावर कोण काय वागलं हे विचारायला परवानगी द्यायची ती वैनींनी. अर्ज आधीच दिलेला होता. यजमान उठून म्हणाले, हा विषय संपलेला आहे, तहसीलदारांनी निकाल दिलाय. वैनी कागदांकडे बघत होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "विचारू द्या त्यांना." यजमान उभेच राहिले. वैनी पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने. दोन वर्षांत त्या बाईचा आवाज गावाने सभेत पहिल्यांदा ऐकला असेल.

बायकांनी फक्त आपल्या वॉर्डातल्या तिघांना विचारायचं ठरवलं होतं. मला ते आवडलं. आपण ज्याला मत दिलं त्याला आपण विचारायचं, बाकीच्यांना त्यांच्या वॉर्डाने.

पहिले सदस्य तरुण, ट्रॅक्टरवाले. त्यांनी हात वर केला होता. त्यांनी वही काढली आणि सांगितलं : आरओ प्लांट अमुक तारखेपासून बंद, दुरुस्तीचं बिल मात्र निघालं, चार महिने मासिक सभेची नोटीसच मिळाली नाही, प्रोसिडिंगवर सही मात्र घरी येऊन घेतली, मी दोनदा लेखी विचारलं, ही त्याची पोच. दोन मिनिटं बोलले असतील. शांत. मंडपात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माणसं पुढे सरकून ऐकत होती.

दुसऱ्या सदस्य बाई. त्यांनीही हात वर केला होता. मावशींनी विचारलं, "का केला गं?" त्या उठल्या, पदर सावरला, नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बोलायला लागला तशी मावशी म्हणाल्या, "तुला न्हाई इचारलं बाबा." मग त्या बाई म्हणाल्या, "मला ह्यांनी कागुद दिला, सही कर म्हणले. गाडीत बस म्हणले, बसले. हात वर कर म्हणले, केला." बोलता बोलता रडायला लागल्या. वैनींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्या क्षणी समोरासमोर बसलेल्या त्या दोघी, एक पाडली जाणारी आणि एक पाडणारी, मला एकाच बाजूच्या वाटल्या. दोघींच्याही हातातला कागद दुसऱ्याने लिहिलेला होता.

मग आबा.

आबा गावातले जुने, लग्नकार्यात पुढे होणारे. त्यांनी मांडीवर हात ठेवून सांगितलं की आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सोलापूरला दवाखान्यात होतो, आईपेक्षा काय राजकारण मोठं आहे का? मंडप गप्प. आईचं नाव घेतल्यावर कुणी काय बोलणार. मला वाटलं, विषय संपला.

बायकांच्या रांगेत मागून काळ्या चष्म्यातली म्हातारी उठली. आबांची आई. "माझं आप्रेशन बुधवारी झालं," ती म्हणाली. "मिटिंग सोमवारी हुती. सोमवारी तू घरातच हुतास. मीच तुला भाकरी वाढली." एवढं बोलून ती खाली बसली.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली बघत म्हणाले, "भावकीनं सांगितलं, जाऊ नको. सरपंचाच्या घरात आपली पोरगी दिलीय. सही झाली हुती, तवा कळलं न्हाई. नंतर दोन्हीकडनं दाब आला." कुणीतरी ओरडलं, पैसे घेतले म्हणून सांग की. आबा ताडकन उठले, "घेतलं असतील तर माझं हात झडू दे." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पैसे नव्हतेच, सोयरीक होती, आणि सोयरीक मोडायचा दाब पैशापेक्षा जड असतो. पण मावशींनी जे विचारलं त्याला उत्तर नव्हतं. "आबा, दाब हाय हे वॉर्डात येऊन सांगायचं की. आमी तुमच्या मागं उभं ऱ्हायलो असतो, न्हाईतर सही मागं घ्या म्हणलो असतो. तुमी आमाला सांगितलंच न्हाई."

माझं मत, आणि वैनींचं उत्तर

मला विचाराल तर तो ठराव पडला ते बरंच झालं. आरोप मोघम होते, पुरावा मांडलेला नव्हता, आणि आठांतला किमान एक हात उसना होता. महिला सरपंचांसाठी तीन-चतुर्थांशाची अट कायद्याने घातली ती अशाच घाईच्या ठरावांपासून त्यांना सांभाळायला. रामस्वामींच्या वेळी चौकशी झालेली, आरोप सिद्ध झालेले, आणि मत द्यायला माणसं नव्हती. आमच्या गावात मत द्यायला माणसं होती, चौकशी नव्हती. पण ठराव पडायचा तर तो उघड्या विरोधाने पडायला हवा होता. आबा सभेत येऊन म्हणाले असते, "मी सही केली, पण पुरावा दिसत नाही, माझा हात खाली," तर निकाल हाच लागला असता आणि वॉर्डाला आपला सदस्य कळला असता.

पैशाचा घोळ आहे असं खरंच वाटत असेल तर ग्रामपंचायत कायद्यात कलम 39 आहे. तक्रार करायची, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते, सरपंचाला बाजू मांडायची संधी मिळते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर विभागीय आयुक्त पदावरून काढू शकतात. वेळ लागतो, सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला चकरा माराव्या लागतात, विभागीय आयुक्तांसाठी पुण्याला जावं लागतं. देवदर्शनाची गाडी सोपी पडते.

त्या ग्रामसभेत शेवटी वैनी स्वतः बोलल्या, ते कुणाच्या यादीत नव्हतं. म्हणाल्या, आरओ प्लांट विजेच्या थकलेल्या बिलामुळे बंद आहे, दुरुस्तीचं बिल निघालं हे मला माहीत नव्हतं. यजमान पुढे आले तसं त्यांनी हाताने थांबवलं. "मला माहीत नव्हतं," त्या परत म्हणाल्या, "आणि सही माझी आहे." मंडपात कुजबुज झाली. सरपंचाच्या तोंडून असं वाक्य मी कोर्टातसुद्धा ऐकलेलं नाही. त्यांच्यावर विश्वास आहे की नाही हे ठरवायला गावाला मार्चमध्ये यातलं काहीच मिळालं नव्हतं.

तिसरा रकाना

त्यानंतर वॉर्ड 2 मध्ये दर महिन्याला मासिक सभेच्या आदल्या संध्याकाळी बायका जमतात. तिन्ही सदस्यांना बोलावतात. ट्रॅक्टरवाले नेहमी येतात. बाई आधी नवऱ्याबरोबर यायच्या, जुलैपासून एकट्या येतात. आबा पहिले दोन महिने आले नाहीत.

जूनमध्ये शेजारच्या वॉर्डातली पोरं वही मागायला आली. त्यांना त्यांच्या सदस्यांना विचारायचं होतं. मावशींनी वही दिली नाही. म्हणाल्या, तुमची तुम्ही आखा. पोरांनी मोबाईलमध्ये फोटो काढून नेला आणि नंतर काही केल्याचं ऐकलं नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी आरओच्या बिलावर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. त्यावर वैनींनीही सही केली.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आबा आले. झेंडावंदन झालं, विषयपत्रिका संपत आली तसे उठले आणि भाऊसाहेबांना म्हणाले, माझं एक वाक्य लिहून घ्या. भाऊसाहेबांनी पेन थांबवलं, अविश्वास ठरावाचा विषय आजच्या पत्रिकेवर नाही म्हणाले. अध्यक्षस्थानी वैनी होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा."

वाक्य असं आहे : "दिनांक 13 मार्च रोजीच्या विशेष सभेस मी भावकीच्या सांगण्यावरून गैरहजर राहिलो, आईच्या आजारपणामुळे नव्हे."

बायकांच्या वहीत आबांच्या नावापुढे मे महिन्यापासून पेन्सिलने "भावकी" लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी मावशींनी नातवाकडून ते पेनाने करून घेतलं. अकरा ओळींपैकी चार भरल्यात. बाकीच्या सात अजून तशाच आहेत.